तक्त्याआधी उंबर दाखवा

अन्न, पाणी, हवा, निवारा हे तक्त्यावरून पाठ झालं की सजीवांच्या गरजा मुलांना कळतात, हे मत मला अर्धंच पटतं. शब्द येतात, पण कोण कुणाची गरज भागवतं ते सुटून जातं. बालवाडीच्या पोरांना मी पंचगंगेकाठच्या उंबराखाली नेते. पिकलेलं फळ उकललं की आतून चिलटांएवढे किडे निघतात आणि पोरं ओरडतातच! उंबराची फुलं फळाच्या आत असतात. किडा तिथंच अंडी घालतो, परागीभवनही करतो. दोघांचं एकमेकांवाचून चालत नाही. शिवाय तांबट पक्षी, वटवाघळं फळं खाऊन बिया लांबवर टाकतात.

आता 'झाडाला काय लागतं?' विचारलं की पाणी-उन्हासोबत पोरं किड्याचंही नाव घेतात. तक्ता त्यानंतर लावा की.