‘अप्रूप’: दरवर्षी परतणाऱ्या गोष्टींना हा शब्द लावावा का?

प्रश्न (चोपडा)

‘मृगाच्या किड्याचे मला दरवर्षी तेवढेच अप्रूप वाटते’ असे एक वाक्य मी लिहिले होते. त्यावर एका व्यासंगी गृहस्थांनी असा आक्षेप घेतला, की ‘अप्रूप’ हे ‘अपूर्व’चेच बदललेले रूप आहे आणि जे पूर्वी कधी घडले नाही ते अपूर्व, मग जी गोष्ट वर्षानुवर्षे ठरलेल्या नक्षत्रावर येते, तिचे अप्रूप कसे वाटेल? त्यांनी ‘कौतुक’ हा शब्द सुचवला. मला तो पटत नाही, कारण पहिला दमदार पाऊस पडून गेल्यावर बांधालगतच्या काळ्या मातीवर तो लाल मखमली जीव संथपणे चालताना दिसला, की आपण खाली बसून त्याला तळहातावर घेतो आणि त्या क्षणी मनात जे येते त्यात कौतुकाहून वेगळे काहीतरी असते. ते नेमके काय, हे जाणकारांनी सांगावे. ‘अप्रूपाने’ लिहावे की ‘अप्रुपाने’, हेही कृपया स्पष्ट करावे.

प्रतिसाद (धुळे)

ताई, ‘अपूर्व’शी या शब्दाचे नाते सामान्यतः लावले जाते, परंतु दोन्ही शब्द आज एकमेकांच्या जागी बसत नाहीत. आपण ‘अपूर्व सोहळा’ किंवा ‘अपूर्व यश’ म्हणतो, म्हणजे काहीतरी भव्य सांगतो. अप्रूप मात्र बहुधा हाताच्या आवाक्यातल्या लहान वस्तूचे असते. शब्दाची आजची मर्यादा त्याच्या मुळावरून कळत नाही, ती वापरावरून पाहावी लागते.

जवळच्या शब्दांमधला फरक ओळखण्यासाठी मी एक कसोटी वापरतो: ती भावना कशाने संपते, हे पाहावे. एखाद्या गोष्टीचे कारण कळले, की ‘त्यात नवल ते काय’ असे आपण म्हणतो. म्हणजे नवल ज्ञानाने संपते. नवलाई दिवस लोटल्याने ओसरते, म्हणून तर नव्याची नवलाई म्हणतात. ‘आता त्याचे काही अप्रूप राहिले नाही’ हे वाक्य आपण कधी उच्चारतो? ती वस्तू बाजारात, घरात, बारा महिने मिळू लागते तेव्हा. म्हणजे अप्रूप मुबलकतेने संपते. कौतुकाला या तिन्हींचा धोका नाही. रोज डोळ्यांसमोर असलेल्या नातवाचे कौतुक रोज करता येते.

आता आपला मृगाचा किडा घ्या. त्याला किडा म्हणत असलो तरी तो आठ पायांचा, कोळ्यांच्या आणि गोचिडांच्या वर्गातला जीव आहे. वर्षाचा बहुतेक काळ तो जमिनीखाली असतो आणि माती पुरेशी भिजली की वर येतो. सूर्य ७-८ जूनच्या सुमारास मृग नक्षत्रात प्रवेश करतो, त्याच सुमारास बहुधा पहिला मोठा पाऊस होतो, म्हणून त्याला हे नाव पडले. एवढे समजल्यावर नवल उरत नाही. परंतु तो थोडेच दिवस दिसतो आणि मग पुढच्या पावसाळ्यापर्यंत दिसत नाही, म्हणून त्याचे अप्रूप उरते. अप्रुपाला वस्तू नवीन असण्याची अट नाही. मध्ये खंड पडला असला, की पुरते. आणि हा खंड ऋतू दरवर्षी न चुकता पाडतात. म्हणून आपले वाक्य निर्दोष आहे असे माझे मत आहे. ‘दरवर्षी’ हा शब्द तर त्यातून मुळीच काढू नये.

आपल्याच भागातला एक पुरावा देतो. जळगावचे केळे आणि जळगावचे भरिताचे वांगे, या दोन्हींना २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे सरकारदरबारी मान सारखाच आहे. तरी रावेर-यावलकडे केळ्याचे अप्रूप वाटल्याचे कोणी म्हणणार नाही. पावसाळ्याच्या तोंडी लावलेली मृगबाग आणि पावसाळा सरल्यावर लावलेली कांदेबाग, अशा दोन लागवडींमुळे तिथे केळी बाराही महिने डोळ्यांसमोर असतात. केळ्याचा अभिमान आहे, त्याच्या भावाची चिंता आहे, पण अप्रूप नाही. थंडी पडल्यावर शेतात पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, जाळावर भाजलेल्या, पांढुरक्या हिरव्या, मोठ्या वांग्यांचे भरीत आणि सोबत कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) पुऱ्या, यांचे मात्र त्याच लोकांना दरसाल अप्रूप असते. तशी वांगी हल्ली एरवीही मिळतात; परंतु ती थंडी, तो जाळ आणि उघड्या रानात बसलेली पंगत एरवी मिळत नाही.

प्रतिसाद (शहादा)

नाना, आपली कसोटी मला मान्य आहे, पण ती पुरेशी वाटत नाही. केवळ दुर्मिळतेने अप्रूप निर्माण होत असते, तर टंचाईच्या गावात आलेल्या पाण्याच्या टँकरचेही अप्रूप वाटले असते. तसे कोणी म्हणत नाही, आणि म्हटले तर ते कानाला क्रूर लागेल. ज्या वस्तूवाचून जगणे अडते, तिची निकड असते. अप्रूप तिचे, जिच्यावाचून काहीही अडले नसते.

मला हा फरक सातपुड्यात विशेष जाणवतो. फाल्गुनात तोरणमाळच्या वाटेवर निष्पर्ण डोंगरउतारांवर पळस पेटलेला दिसतो, आणि शहाद्याहून वर जाणारा माणूस गाडी थांबवून पाहत राहतो. त्याचे ते अप्रूप खरे आहे. त्याच सुमारास मोहाची फुलेही गळू लागतात. ती रात्रीतून खाली पडतात आणि डोंगरातली कुटुंबे भल्या पहाटे टोपल्या घेऊन ती वेचायला निघतात. तिथेही आनंद असतो. झाडाखालची जमीन झाडून ठेवलेली असते, मुले सोबत असतात, फुलांचा गोड, जड वास सगळीकडे भरलेला असतो. परंतु त्या फुलांवर घराच्या वर्षाच्या गरजा अवलंबून असतात, आणि वेचणाऱ्याच्या त्या आनंदाला अप्रूप म्हणणे हे मला बाहेरून पाहणाऱ्याचे बोलणे वाटते. म्हणून लिहिताना ‘कोणाला अप्रूप वाटले’ हे स्पष्ट करावे. ‘मोहफुलांचे अप्रूप’ असे मोघम लिहिले, तर पाहणारा आणि वेचणारा यांच्यातला फरक पुसला जातो.

प्रतिसाद (जळगाव)

लेखनापुरते सांगतो. मूळ शब्द ‘अप्रूप’ असा दीर्घ लिहावा आणि सामान्यरूपात उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षरातला, ऊकार ऱ्हस्व करावा: अप्रुपाने, अप्रुपाचा. वकूब-वकुबाने, फूल-फुलाने यांसारखेच हे आहे. तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या, शब्दांना हा नियम लागू होत नाही, म्हणून ‘अपूर्व’ आणि ‘अपूर्वाई’ यांतला दीर्घ ऊकार तसाच राहतो. शब्द नपुंसकलिंगी आहे; ‘अप्रूप वस्तू’ असा विशेषणासारखा वापरही जुना आणि शुद्ध आहे. ‘अपूर्वाई’ मी प्रथमच अनुभवलेल्या गोष्टीसाठी राखून ठेवतो.

प्रतिसाद (चोपडा)

दोघांनी सांगितलेल्या दोन कसोट्या, म्हणजे मधला खंड आणि निकडीचा अभाव, मी वर्षभराच्या गोष्टींना लावून पाहिल्या. कपाशीचे फूल पहिल्या सकाळी फिकट पिवळसर असते आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होते. एकाच झाडावर दोन्ही रंगांची फुले पाहताना मला फार आनंद होतो, पण पाते लागल्यापासून बोंडे फुटेपर्यंत कित्येक आठवडे हा खेळ सगळ्या शिवारात चालू असतो; म्हणून येथे ‘कौतुक’ हाच शब्द योग्य ठरेल. हरभऱ्यावरची आंब मात्र निःसंशय अप्रुपाची. थंडीत पहाटे पानांवरच्या दवात झाडाचा आंबटपणा उतरतो, ऊन वर आले की ते दव सुकते, आणि तोवर शेतात पोचलेल्यालाच बोटाला लागलेली ती आंबट चव मिळते. दादर ज्वारीचा हुरडाही तसाच: दाणा दुधाळ असतो तेवढेच दिवस तो मिळतो, पुढे कणीस टणक होते.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, झोक्याविषयी मी अडले आहे. ज्या निंबाच्या फांदीला झोका बांधतात ती वर्षभर तिथेच असते, आणि दोरही घरातलाच असतो. सासरहून आलेल्या लेकींना त्या झोक्याचे अप्रूप असते असे म्हणावे, तर माहेरच्या ओढीला मी ‘ज्यावाचून अडत नाही’ अशा गोष्टींत बसवू शकत नाही. उन्हाळ्यातल्या झुळकेचेही तेच. भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांपलीकडे गेलेल्या दिवशी रात्री धाब्यावर (घराच्या सपाट मातीच्या छतावर) बाज टाकून पडावे आणि वारा सुटावा, याला अप्रूप म्हणू नये असेच आता वाटते.

प्रतिसाद (धुळे)

झुळकेला ‘दिलासा’ म्हणावे, तो शब्द तिथे चपखल आहे. परंतु त्याच धाब्यावर पाठ टेकल्यावर दक्षिणेकडे वृश्चिकाचा आकडा आणि त्यातला तांबूस ज्येष्ठा तारा दिसतो, त्याचे अप्रूप वाटते असे लिहायला हरकत नाही. तो उन्हाळ्याच्या रात्रींतच असा निवांत पाहायला मिळतो, पावसाळ्यात ढगांमुळे हरवतो आणि त्याच्यावाचून कोणाचेही अडत नाही.

झोक्यापुरते पाहता ओढ माहेराची आणि अप्रूप झोक्याचे, अशी दोन नावे वेगळी ठेवावीत. ‘माहेराचे अप्रूप’ म्हटले, तर माहेर कधीमधी भेटणारी वस्तू ठरते. त्या बाईच्या मनात ते तसे नसते. ‘माहेरच्या झोक्याचे अप्रूप’ म्हटले, तर आखाजीपुरती बांधलेली दोरी, वर चैत्रातली निंबाची नवी पालवी आणि जोडीने झोका घेणाऱ्या बालपणीच्या मैत्रिणी, एवढेच त्यात येते, आणि तेवढ्यासाठी हा शब्द पुरेसा आहे.

क्रियापदाबद्दलही एक सूचना करतो. कौतुक आपण करतो. अप्रूप वाटते, असते किंवा राहते. अलीकडे ‘पहिल्या पावसाचे अप्रूप करूया’ अशी वाक्ये वाचनात येतात. ही रचना मला खटकते, कारण अप्रूप ठरवून करता येत नाही. ‘पहिल्या पावसाचे कौतुक करूया’ किंवा ‘पहिल्या पावसाचे अप्रूप राहू द्या’, यांपैकी जे म्हणायचे असेल ते लिहावे.