विषय: गावभागातल्या गाण्याच्या काकू गेल्या

सप्रेम नमस्कार मंडळी,

काल रात्री सांगलीहून दादाचा फोन आला. गावभागातल्या गाण्याच्या काकू गेल्या. नव्वदीला टेकल्या होत्या. आपल्यातल्या चार-पाच जणांनी तरी त्यांच्या माजघरात बसून स्वरांचे पलटे घोकलेत, म्हणून सगळ्यांना एकत्रच कळवते आहे.

फी त्यांनी कधी मागितली नाही. पण शनिवारी शिकवणी आटोपली की तंबोऱ्याला गवसणी घालायची आणि काकूंबरोबर निघायचं, हा नियम. कुणा विधवेच्या पेन्शनचा अर्ज अडलेला असायचा, कुठल्या बोळात आठ दिवस नळ कोरडा. आम्ही परकरातल्या मुली कचेरीच्या बाकावर ओळीनं बसायचो. साहेब जागेवर नसले की काकू म्हणायच्या, "बसू की. कालचा भूप राग मनातल्या मनात म्हणा." आलाप घाई न करता लावायला मी त्या बाकावर शिकले.

उरुसात मिरजेच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं असायचं. तिथं त्या पहाटेपर्यंत मांडी मोडायच्या नाहीत. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली गाडी सुटली, तेव्हाही ऐंशीच्या वयात स्टेशनवर हजर! फोनवर मला अभिमानानं सांगत होत्या, "दहा वाघिणी गं, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर."

— टोरांटोहून, गावभागातली

---

ताई,

मेल वाचून हात थांबले.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये मी सुट्टीवर सांगलीतच होतो. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७ च्या वर. काकूंनी आधी बोळातली बाळंतीण होडीत बसवली, मग शेजाऱ्यांची रेशनकार्डं पिशवीत भरली. तंबोरा माळ्यावर चढवायचा राहिलाच.

पूर ओसरल्यावर पाहिलं तर तंबोऱ्याचा भोपळा कुजलेला, त्यावरची लाकडी तबली उकललेली. मिरजेला सतारमेकरांकडे नेऊ म्हटलं, तर म्हणाल्या, "आधी पलीकडच्या वहिनींचं शिलाई मशीन. तिचं पोट आहे त्यावर." मशीन झालं, मग आणखी कुणाचं काही निघालं. तंबोऱ्याला पंढरपूरकडचा नवा भोपळा बसायला वर्ष गेलं. तोवर शिकवणी एक दिवस बंद नव्हती. मुली गायच्या आणि तंबोऱ्याच्या जागी काकू स्वतःच्या गळ्यानं षड्ज, म्हणजे सा, धरून बसायच्या. दम लागायचा, थांबायच्या, पुन्हा धरायच्या. मी दारात उभा राहून ऐकलंय ते.

— न्यू जर्सीहून, बोळातला धाकटा

---

अरे, हे मला त्यांनी कधीच सांगितलं नाही. फोनवर विचारलं की एवढंच, "तंबोरा बरा आहे."

दादा म्हणाला, तंबोरा आता त्यांच्या दोन विद्यार्थिनींकडे आहे, त्याच माजघरात. शनिवारची शिकवणी त्याच घेणार आहेत. त्यांना तारांचे जोड आणि तारांचा नाद खुलवणारी जवारी लावून घ्यायला पैसे हवेत, ते मी पाठवते. तू एवढं कर: तुझ्याकडे काकूंच्या आवाजाची एक कॅसेट होती, ती शोध.