योगवर्ग ठेवा, पण आधी शेजारी उभे राहा

कर्मचाऱ्यांचा ताण कमी व्हावा म्हणून रुग्णालयात योगवर्ग सुरू करा, असं कुणीतरी सुचवलंय. करा की! पण रात्रपाळी उरकलेली सिस्टर सकाळी सातला आसनं घालेल, हे मला काही पटत नाही.

आमच्या रत्नागिरीकडे पावसाळ्यात फुरसं हा विषारी साप चावलेले रुग्ण येतात. रक्त गोठतंय का हे बघायला ते काचेच्या नळीत घेऊन २० मिनिटं अजिबात न हलवता ठेवावं लागतं. नातेवाइकांना दिसतं काय, तर सिस्टर नुसती घड्याळ बघत्येय. मग आरडाओरडा, अंगावर धावून जाणं. अशा वेळी आमचे डॉक्टर बाहेर येतात, नळीला हात न लावता ती दाखवतात आणि सगळ्यांसमोर सांगतात, "सिस्टर करतायत ते बरोबर आहे." दोन मिनिटांचं काम, पण वातावरण निवळतं.

हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे. पण तक्रार द्यायला पोलीस ठाण्यात तिच्यासोबत जातं कोण? लैंगिक छळाबाबत २०१३ चा कायदाही तसाच. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या दवाखान्यातल्या बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. हे तिला वरिष्ठांनीच सांगायला हवं, तेही वेळ येण्याआधी.

आणि रुग्णाला आंबा घाटातून कोल्हापूरला हलवताना जी सिस्टर सोबत जाते, ती परतल्यावर तिची पुढची पाळी कोण करणार, ते ड्युटीच्या तक्त्यातच लिहून ठेवा.