बुलेट चोक सोडला की बंद पडते (दोन हिवाळे बाहेर उभी होती)

प्रेषक: मंदार, टेलफर्ड

नमस्कार मंडळी,

आपल्या मंडळाच्या ईमेल यादीवर एरवी हॉल आणि तिकिटांचीच पत्रं असतात, पण गणपतीच्या पंगतीत बुलेटबद्दल तासभर बोलणारे आपल्यात बरेच आहेत हे पाहिलंय, म्हणून इथेच विचारतो.

गाडी १९९८ ची बुलेट ५००. किकवाली, पॉइंटवाली (ठिणगीसाठी जुळणारे-उघडणारे विजेचे संपर्क), मिककार्बचा कार्ब्युरेटर. घर बदललं, नव्या घराला गॅरेज नाही, त्यामुळे मागच्या अंगणात गवतावर ताडपत्रीखाली दोन हिवाळे उभी होती. उभी केली तेव्हा सुरेख चालत होती. टाकीत अर्ध्याच्या आसपास पेट्रोल होतं, ते तसंच राहिलं.

आता बॅटरी चार्ज केली आणि वरून थोडं नवं पेट्रोल घातलं. चोक ओढून पुष्कळ किक मारल्यावर सुरू होते आणि चोक आहे तोवर चालते. चोक सोडला की स्लो पकडतच नाही. हलकी रेस धरून ठेवली तर चालते, पण मिसिंग करते आणि मधूनच कार्ब्युरेटरमधून बॅकफायर मारते. पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा निळसर धूर इतका आला की शेजारच्या आजी बाहेर आल्या. नंतर तो बराच कमी झाला.

सॉर्नवर आहे, म्हणजे रस्त्यावर चालवत नाही अशी नोंद केलीय, त्यामुळे रस्त्यावर काढून बघता येत नाही. जवळच्या एका वर्कशॉपने गाडी न बघताच फोनवर नवा कार्ब्युरेटर टाका म्हणून सांगितलं. कुठून सुरुवात करू?

मंदार

प्रेषक: निखिल, लेस्टर

मंदार, ही सरळसरळ लीनची लक्षणं आहेत. एअर स्क्रू अर्धा आटा आत घे, सुईची क्लिप एक खाच खाली लाव म्हणजे सुई वर येईल. तरी नाही जमलं तर जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोकाचं पितळी नळकांडं) एक नंबर मोठा टाक. माझ्या जुन्या गाडीला असंच केलं होतं, मस्त चालली.

प्रेषक: श्रीरंगकाका, कव्हेंट्री

मंदार,

आधी एक सांगतो: आज पुन्हा किक मारू नकोस. कारण पुढे लिहितो.

निखिल, तुझं निदान बरोबर आहे. हवा जास्त, पेट्रोल कमी. उपाय मात्र मला पटत नाही. गाडी उभी केली तेव्हा ती याच स्क्रूवर, याच सुईवर, याच जेटवर सुरेख चालत होती. दोन हिवाळ्यांत स्क्रू आपोआप फिरत नाही आणि जेटचा नंबर बदलत नाही. बदलतं ते पेट्रोल. पाणी शिरतं, गंज चढतो, रबर कडक होतं. जे बदललंय ते शोधायचं. सेटिंग हलवलंस तर मूळ बिघाड तसाच राहील, वर आणखी एक बिघाड तुझ्या हाताने होईल, आणि मग दोन्ही वेगळे करता येणार नाहीत. एका वेळी एकच गोष्ट कर, ती करून बघ, वहीत लिही आणि मगच पुढची.

आता तो निळा धूर. बुलेटचं ऑइल इंजिनाच्या कवचातल्याच एका कप्प्यात असतं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की ते पंपातून हळूहळू झिरपून क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोकळीत, जमतं. किक मारली की तेच वर उडून जळतं, प्लगही त्यानेच ओला होतो. शिवाय थंडीत आत दव धरतं, ऑइल दुधाळ होतं. म्हणून आधी खालचे ड्रेन प्लग काढून सगळं ऑइल उतरव, फिल्टर बदल, नवं २०-डब्ल्यू-५० भर. मग इग्निशन बंद ठेवून, डीकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारी कळ) दाबून बऱ्याच किक मार म्हणजे ऑइल वरपर्यंत फिरेल. पाने मात्र बघून लाव. त्या काळच्या बुलेटवर काही नट इंची आणि काही मेट्रिक आहेत. मेट्रिक पाना जबरदस्तीने लावलास तर कोपरे जातील.

दुसरं, पेट्रोल. टाकी पूर्ण रिकामी कर. वरून नवं घालून काही होत नाही. उघड्यावर कर, आसपास विस्तव नको. कॉक (टाकीखालची पेट्रोलची तोटी) रिझर्व्हवर ठेवून पहिला पेलाभर काचेच्या बरणीत घे. रिझर्व्ह टाकीच्या तळातून ओढतो, त्यामुळे पाणी आणि गंज काय असेल ते आधी तिथे दिसेल. बरणी थोडा वेळ हलवू नकोस. कॉकची जाळीही काढून बघ.

तिसरं, ठिणगी. याला मीटर लागत नाही, हेडलाइटवरचा विजेचा प्रवाह दाखवणारा अ‍ॅमीटर पुरे. दिवे बंद, चावी चालू, आणि किक हाताने अगदी सावकाश खाली दाब. पॉइंट जुळले की काटा वजाकडे जातो, उघडले की मध्यावर येतो. काटा ढिम्म हलत नसेल, किंवा एकदा हलतो आणि एकदा नाही, तर पॉइंटवर ओल्या हवेची साय धरलीय. बारीक पॉलिश पेपर मार, मग कोरा कागद मध्ये धरून ओढ, कागदावर काळं येईनासं होईपर्यंत. गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. मी हे पुण्यात, नाना पेठेतल्या एका मिस्त्रींकडे उभं राहून शिकलो. ते कुठल्याही बुलेटला पाना लावायच्या आधी काटा बघायचे.

चौथं, कार्ब्युरेटर, आणि तुझी मुख्य तक्रार बहुतेक इथेच सुटेल. या कार्ब्युरेटरचा चोक म्हणजे हवा अडवणारी झडप नव्हे. पेट्रोलची ती एक वेगळी वाट आहे. म्हणून चोक ओढल्यावर गाडी चालते आणि सोडल्यावर मरते, याचा अर्थ चोकची वाट मोकळी आहे आणि स्लोची तुंबलीय. स्लोची वाट म्हणजे पायलट जेट. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं, पेट्रोल आटलं की पहिलं तेच बुजतं. फ्लोट बाऊल (कार्ब्युरेटरची खालची वाटी) उघड, जेट काढ, डोळ्याशी धरून उजेडाकडे बघ. गोल ठिपका दिसला पाहिजे. तार घालू नकोस, पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं. क्लीनर आणि दाबाची हवा वापर, फार तर नायलॉनचा एक केस. एअर स्क्रू काढण्याआधी हलक्या हाताने आत बसव, किती आटे गेला ते लिहून ठेव, नंतर तेवढाच बाहेर आण. त्या भोकातून क्लीनर मारलास की तो स्लाइडजवळच्या बारीक छिद्रातून फवारला पाहिजे. तिथून येत नसेल तर जेट साफ करूनही उपयोग नाही, बॉडीतली वाट तुंबलेली आहे.

एवढं करूनही बॅकफायर राहिलाच तर कार्ब्युरेटर आणि हेडमधलं रबर वाकवून बघ, उन्हापावसाने चिरतं. गाडी स्लोवर असताना त्यावर पाण्याचा फवारा मार. आवाज बदलला तर तिथून हवा ओढतेय. एअर फिल्टरचा डबाही उघड. बाहेर उभ्या गाडीत उंदीर घर करतात, ते चोंदलेलं निघालं तर हे सगळं निदान फिरतं.

नवा कार्ब्युरेटर घेऊ नकोस. तुंबलेला आणि झिजलेला यांत फरक आहे, आणि न बघता तो कुणालाच कळणार नाही.

काका

प्रेषक: वैशाली, डर्बी

काकांच्या पेट्रोलच्या मुद्द्यात भर घालते. माझं रोजचं काम इंधनाच्या नमुन्यांचंच आहे.

सप्टेंबर २०२१ पासून ग्रेट ब्रिटनमध्ये पंपावरचं साधं ९५ पेट्रोल ई-१० झालं, म्हणजे त्यात १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. थोडं पाणी त्यात विरघळून राहतं, पण प्रमाण वाढलं किंवा थंडी पडली की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि जड म्हणून तळाशी बसतात. कॉक पितो तो नेमका हाच थर. तो जळत नाही, शिवाय कार्ब्युरेटरच्या धातूवर पांढरी भुकटी धरवतो. वर उरलेल्या पेट्रोलमधला पटकन उडणारा भागही तोवर गेलेला असतो, म्हणून थंड इंजिन उठत नाही.

मंदार, अर्धी रिकामी टाकी हा सगळ्यात वाईट प्रकार. वरच्या मोकळ्या पत्र्यावर रोज रात्री दव धरतं आणि तिथेच गंज चढतो. टॉर्च लावून पुढच्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यांत बघ, नुसता तळ बघून फसशील. पेट्रोलची नळीही दाबून बघ. जुन्या प्रकारचं रबर इथेनॉलने फुगतं, लिबलिबीत होतं. ती नळी नवीनच घाल, ई-१० ला चालणारी. इथून पुढे ९७ किंवा वरचं सुपर भर, ते ई-५ असतं.

काढलेलं पेट्रोल मोरीत किंवा गवतावर अजिबात ओतायचं नाही. झाकणाच्या पेट्रोल कॅनमध्ये भर आणि काउन्सिलच्या रिसायकलिंग सेंटरला फोन करून विचार. काही ठिकाणी घेतात, काही ठिकाणी आधी वेळ ठरवावी लागते.

प्रेषक: मंदार, टेलफर्ड

काका, ताई, क्रमाने सगळं केलं. वही ठेवली.

क्रँककेसमधून ऑइल नुसतं धो-धो आलं, कडेला ताकासारखं पांढुरकं. बरणीत दोन थर स्पष्ट दिसले: वर जुन्या पेट्रोलचा पिवळट, खाली पाणचट आणि त्यात तपकिरी गाळ. रिझर्व्हच्या जाळीवर चिखलच होता. टाकीच्या वरच्या कोपऱ्यात ताई म्हणाल्या तसा गंज आहे, पण वरवरचा, बोटाला पूड लागते, पापुद्रे सुटत नाहीत. टाकी धुऊन वाळवली, नळीवर छोटा फिल्टर बसवला.

काटा आधी कधी हलायचा, कधी नाही. पॉइंट घासल्यावर दर वेळी हलतोय. आणि पायलट जेट पूर्ण बंद! दिव्याकडे धरलं तर काहीच नाही. क्लीनरमध्ये रात्रभर ठेवून हवा मारली, मग ठिपका दिसला. एअर स्क्रू होता तिथेच परत बसवला. रबर ठीक आहे. फिल्टरच्या डब्यात कोळ्याची जाळी होती, उंदीर नाहीत.

गाडी आता चोकशिवाय स्लोला उभी राहते. तो ठोका ऐकून माझ्या मुलीने टाळ्या वाजवल्या.

विमा चालू केला, एमओटीची (इथल्या वार्षिक तपासणीची) वेळ घेतली, आणि टाकी सुपरने काठोकाठ भरून निघालो. पाच-सहा मैल झकास. मग चढावर दम तुटल्यासारखी झाली आणि बंद. थोडं थांबलो, किक मारली, लगेच सुरू. एमओटी पास झाली, मागच्या टायरला बारीक भेगा म्हणून शेरा आहे. येताना पुन्हा तेच. हे काय असेल?

प्रेषक: श्रीरंगकाका, कव्हेंट्री

शाब्बास. वही ठेवलीस हे फार चांगलं केलंस.

आता दोनच संशयित. पहिला, टाकीचं झाकण. त्यात हवा आत यायला बारीक वाट असते. ती गंजाने बुजली की पेट्रोल जातं पण त्याच्या जागी हवा येत नाही, टाकीत पोकळी होते आणि धार थांबते. काठोकाठ भरलेल्या टाकीत वर हवा थोडीच असते, म्हणून हे लवकर जाणवतं. थांबलं की हवा कुठूनतरी हळूहळू शिरते आणि गाडी पुन्हा उठते. दुसरा, पॉइंटला जोडलेला विजेचा भाग, कंडेन्सर. तो गरम झाला की सोडतो, गार झाला की पुन्हा धरतो. लक्षण दोन्हीचं सारखं.

ओळखायचं असं: बंद पडल्या क्षणी कडेला घे आणि लगेच झाकण उघड. सुस्स करून हवा आत गेली आणि गाडी एका किकेत उठली तर झाकण. आवाज नाही आणि गाडी गरम असेपर्यंत उठतच नाही, तर कंडेन्सर. तोच असेल तर गाडी चालू असताना पॉइंटचं झाकण काढून बघ, पॉइंटवर मोठ्या निळ्या ठिणग्या उडताना दिसतील.

मागचं टायर शेऱ्याची वाट न बघता बदल. कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. किती जुनं आहे ते कळेल. दोन हिवाळे एकाच जागी भार घेतलेलं रबर आहे. ओल्या रस्त्यावर मला ते नको वाटतं.

प्रेषक: मंदार, टेलफर्ड

झाकणच! उघडल्याबरोबर सुस्स, आणि एका किकेत सुरू. वाट मोकळी केली, काल रेडिचपर्यंत जाऊन आलो, कुठेही अडली नाही. टायरचे आकडे बघितले: १४१२. नवीन मागवलंय.

गॅरेज मात्र यंदाही नाही. पुढच्या हिवाळ्याला काय करू?

प्रेषक: श्रीरंगकाका, कव्हेंट्री

रेडिचला नेलीस, छान वाटलं. रॉयल एनफील्डच्या या बुलेटचं डिझाइन तिथलं, पन्नाशीच्या दशकात ती मद्रासला बनू लागली, १९७० पर्यंत इकडचं उत्पादन संपलं आणि १९७७ पासून तिकडची गाडी पुन्हा इकडे विकायला आली. म्हणून आपल्याला इथेही सुटे भाग मिळतात.

हिवाळ्यासाठी: गवतावर नको, खालून ओल चढते. चार फरश्या टाक आणि मेन स्टँडवर उभी कर. ताडपत्री काढून टाक, ती आतला दमट वाफारा कोंडते. श्वास घेणारं कापडी कव्हर घे, खाली हवा खेळू दे. टाकी सुपरने गळ्यापर्यंत भर, त्यात पेट्रोल टिकवणारं स्टॅबिलायझर घाल, कॉक बंद करून कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत गाडी चालव. ऑइल हिवाळ्याच्या आधी बदल, नंतर नव्हे. बॅटरी घरात. अधूनमधून नुसती सुरू करून दोन मिनिटांत बंद करू नकोस, त्याने आत पाणीच साठतं. चालवायची तर नीट गरम होईपर्यंत चालव, नाहीतर हात लावू नकोस.

प्रेषक: निखिल, लेस्टर

काका, जेट मोठं करायचा सल्ला मी मागे घेतो, चोक वेगळी वाट आहे हे मला माहीत नव्हतं. मी नाताळात पुण्याला चाललोय. नाना पेठेतून पॉइंट सेट, कंडेन्सर, झाकणाचे वॉशर आणीन. आणखी कुणाला काही हवं असेल तर मॉडेल आणि वर्षासकट रविवारपर्यंत कळवा. टायर आणि बॅटरी सोडून काहीही.