डॉक स्मिथची ‘लेन्समन’ मालिका ‘ट्रायप्लॅनेटरी’पासून वाचू नये

दीर्घिका
ई. ई. स्मिथ (१८९०–१९६५), म्हणजे ‘डॉक’ स्मिथ. रसायन अभियांत्रिकीतला डॉक्टर, मिशिगनमधल्या हिल्सडेलच्या पीठगिरणी कंपनीत डोनटच्या तयार मिश्रणांवर काम करणारा. पल्प (स्वस्त कागदावरच्या) मासिकांतल्या विज्ञानकथांचा ‘आंतरतारकीय’ पसारा याच माणसाने मांडला. ‘स्कायलार्क ऑफ स्पेस’ १९२८ च्या ‘अमेझिंग स्टोरीज’मध्ये ऑगस्टपासून तीन अंकांत आली. मानधन १२५ डॉलर, तेही ली हॉकिन्स गार्बी या सहलेखिकेच्या साथीत लिहिलेल्या अख्ख्या कादंबरीचं.

आता मुद्दा. लेन्समन म्हणजे मनाशी जुळणारी ‘लेन्स’ बाळगणारे आकाशगंगेचे रक्षक. त्यांच्या मालिकेचे सहा खंड ‘ट्रायप्लॅनेटरी’पासून क्रमांक टाकून विकले जातात, आणि वाचक पहिल्याच खंडात गळतो. मूळ ‘ट्रायप्लॅनेटरी’ (१९३४) ही वेगळीच, सुटी कथा होती. १९४८ च्या पुस्तकासाठी स्मिथने तिला पुढे सहा प्रकरणं जोडली: एडोर-अरिशिया, अटलांटिस, रोम, १९१८, १९४१ आणि तिसरं महायुद्ध. त्यात मालिकेमागच्या दोन प्राचीन, एकमेकींविरुद्धच्या सत्ता, म्हणजे अरिशिया कोण, एडोर कोण, सगळं सांगून मोकळा! रहस्यकथेच्या पहिल्या पानावर खुन्याचं नाव छापावं, तसला हा प्रकार.

क्रम असा ठेवा: गॅलॅक्टिक पॅट्रोल, ग्रे लेन्समन, सेकंड स्टेज लेन्समेन, चिल्ड्रन ऑफ द लेन्स. मग ‘ट्रायप्लॅनेटरी’ सातव्या प्रकरणापासून. ‘फर्स्ट लेन्समन’ सर्वांत शेवटी, तेही इच्छा असेल तर.

चौकस
असहमत. पुस्तकांचा क्रम लेखकाने स्वतः, शुद्धीत, लावलेला आहे. स्मिथला रहस्य नको होतं, त्याला इतिहास हवा होता. दोन प्राचीन सत्तांचा डाव आधी कळला की पुढे नायक किनिसनच्या प्रत्येक विजयाकडे आपण वेगळ्या नजरेने बघतो: हा जिंकतोय की जिंकवला जातोय?

आणि तुम्ही जी सहा प्रकरणं गाळायला सांगताय त्यातलं ‘१९४१’ हे त्याने लिहिलेलं सर्वांत अस्सल प्रकरण आहे. युद्धकाळात स्मिथ इंडियानात, किंग्जबरीच्या दारूगोळा कारखान्यात होता. तोफगोळे भरण्याचं काम, तपासणी, सदोष माल पास करण्यासाठी वरून येणारा दबाव, हे तिथे आतल्या माणसाच्या नजरेने आलंय. किरणांच्या लढाया शंभर जणांनी लिहिल्या, हे एकट्यानेच.

जुना_अंक
दीर्घिका यांच्या बाजूने. मासिकाच्या वाचकाला काय मिळत होतं ते बघा. ‘गॅलॅक्टिक पॅट्रोल’ ‘अस्टाउंडिंग’ मासिकात सप्टेंबर १९३७ पासून क्रमशः आली. तेव्हा वाटतं हेलमुथ हाच शत्रूचा म्होरक्या. तो संपला की कळतं, तो नुसता मुनीम होता. पेढी जार्नेव्हन ग्रहावरच्या आइख लोकांची. तेही संपले की थ्रेल आणि ऑन्लो. १९४७-४८ मध्ये ‘चिल्ड्रन’ येईपर्यंत वाचकाने दहा वर्षं हा जिना चढलाय. दर मजल्यावर शत्रू मोठा, म्हणून शस्त्र मोठं. स्पेस ऑपेराने (अवकाशातल्या भव्य साहसकथांनी) स्मिथकडून उचललं ते हे. पुस्तकांच्या क्रमात मात्र गच्ची आधीच दाखवलेली असते.

‘१९४१’ चांगलं आहे, मान्य. सुटं वाचा की! त्यासाठी अटलांटिस का सोसायचं?

शून्यभार
क्रमावरून भांडताय, पण त्याच्या यंत्राबद्दल कोणीच बोलत नाही. बर्गेनहोम हे यंत्र यानाचं जडत्व काढून घेतं. मग यानाला प्रवेग द्यायला वेळच लागत नाही: इंजिनाचा रेटा आणि अवकाशातल्या विरळ द्रव्याचा रोध जिथे समान होतील तो वेग तत्क्षणी मिळतो. इंजिन बंद, यान जागच्या जागी उभं. भिंतीवर आदळलात तरी ओरखडा नाही.

गोम पुढे आहे. जडत्व परत आलं की आधीचा मूळ वेगही जसाच्या तसा परत येतो. दुसऱ्या यानातून उचललेल्या माणसाचा मूळ वेग तुमच्यापेक्षा सेकंदाला १० किलोमीटरने वेगळा असेल, तर ७० किलोच्या त्या देहात साडेतीन अब्ज ज्यूल ऊर्जा आहे. टीएनटीच्या हिशेबात पाऊण टनाच्या वर. वेग जुळवल्याशिवाय बर्गेनहोम बंद करता येत नाही, आणि स्मिथची पात्रं हे जुळवण्याचं कंटाळवाणं काम खरोखर करतात. त्यातूनच ‘ग्रे लेन्समन’मधला अडकित्ता निघतो: विरुद्ध मूळ वेगांचे दोन ग्रह जडत्वहीन करून जार्नेव्हनच्या दोन बाजूंना आणायचे आणि जडत्व परत द्यायचं. एक नियम घेतला आणि शेवटपर्यंत पाळला.

चौकस
नियम पाळला, पण सोयीपुरता. अणूत इलेक्ट्रॉनची कक्षा त्याच्या वस्तुमानाच्या व्यस्त प्रमाणात असते. जडत्व शून्य केलंत तर अणू फुगून अनंत होईल; यानही नाही, किनिसनही नाही. १९३७ साली हे पदवीच्या विद्यार्थ्यालाही माहीत होतं.

शून्यभार
बरोबर. पण कथेला एक खोटं माफ असतं. दुसरं बोललात तर पकडा.

रोहिणी
प्रभावाबद्दल एक दंतकथा इथे येण्याआधीच अडवते. अमेरिकी नौदलाने युद्धनौकांवरचा ‘कॉम्बॅट इन्फर्मेशन सेंटर’ (लढाईची सगळी माहिती एकत्र मांडणारी खोली) स्मिथच्या ‘डायरेक्ट्रिक्स’ या यानावरच्या ‘टँक’वरून, म्हणजे लढाईच्या त्रिमितीय नकाशावरून, घेतला, असं सर्रास लिहिलं जातं. त्याचा आधार म्हणजे ‘अस्टाउंडिंग’चा संपादक जॉन कॅम्पबेलचं १९४७ मधलं स्मिथला लिहिलेलं पत्र, त्यात कॅल लॅनिंग या अधिकाऱ्याचा हवाला. लॅनिंग खरा, त्या कामात होता हेही खरं. पण ब्रिटिश हवाई दलाच्या बेंटली प्रायरी या मुख्यालयात सगळीकडची माहिती एका टेबलावर मांडायची पद्धत युद्धाआधीच बसली होती, आणि ‘ग्रे लेन्समन’ सुरू झाली ऑक्टोबर १९३९ मध्ये. रडारची माहिती एका माणसाच्या डोक्यात मावेना, म्हणून ती खोली आली. लॅनिंगला कल्पना सुचायला स्मिथची मदत झाली असेल. शोधाचं श्रेय द्यायला एवढं पुरत नाही. शिवाय कॅम्पबेलला आपल्या मासिकाचा मोठेपणा सांगायला आवडायचं.

जुना_अंक
नौदल सोडा. १९६२ चा ‘स्पेसवॉर’ घ्या: एमआयटीत पीडीपी-१ या संगणकावर स्टीव्ह रसेल आणि मित्रांनी केलेला खेळ. स्मिथच्या कादंबऱ्या डोक्यात होत्या, हे त्यांनी स्वतः सांगितलंय. गंमत अशी की त्या खेळातली यानं पुरेपूर जडत्वाने चालतात. नाक वळवलं तरी यान जुन्याच दिशेने सरकत राहतं. म्हणजे स्मिथकडून त्यांनी लढाई घेतली, बर्गेनहोम नाही.

रोहिणी
हे पटतं. क्रमाबद्दलही बोलते. १९४१-४२ च्या ‘सेकंड स्टेज’मध्ये क्लॅरिसा मॅक्डूगलला लेन्स मिळते. १९५० च्या ‘फर्स्ट लेन्समन’मध्ये अरिशियाचा मेंटर व्हर्जिलिया सॅम्सला ती नाकारतो: स्त्रीच्या मनाला लेन्स जुळत नाही म्हणे. पुस्तकांच्या क्रमाने वाचलं तर बंदी आधी, अपवाद नंतर. स्मिथ उदार होत गेल्यासारखा दिसतो. लेखनक्रमाने वाचलं तर दिलेली वस्तू नंतर नियम करून अडवलेली दिसते. वर्सेल, ट्रेगॉन्सी, नॅड्रेक हे परग्रहवासी बरोबरीचे, बाईसाठी मात्र खास परवानगी! पिढ्यान्‌पिढ्या अरिशियाने जुळवून आणलेल्या माणसांच्या वंशवेलीचं प्रकरण तर वेगळंच.

दीर्घिका
माझ्याच क्रमाला बळ दिलंत. तरी ‘१९४१’बद्दल चौकस यांचं ऐकते: यादीत दुरुस्ती, चार खंड झाल्यावर ‘ट्रायप्लॅनेटरी’चं पाचवं प्रकरण आधी, मग सातव्यापासून पुढे. पिट्सबर्गचं लोखंड लुटून नेणारे नेव्हियन परग्रहवासी तिथे भेटतील.

चौकस
आणि पहिलं प्रकरण?

दीर्घिका
ते नाही.