श्रीलंकेत सायकलवर: हत्तींच्या रस्त्याबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. ऑगस्टअखेर मी आणि बायको श्रीलंकेत सायकलवर फिरणार आहोत. घाई अजिबात नाही. दिवसाला ३०-४० किलोमीटर, गळ्यात दुर्बीण, पक्षी दिसला की ब्रेक. मार्ग अनुराधापुरा, हबरणा, पोलोन्नरुवा. या दिवसांत मिन्नेरिया तलावाचं पाणी ओसरतं, उघड्या पडलेल्या काठावर कोवळं गवत उगवतं आणि शेकडो हत्ती चरायला जमतात. ते बघायचंच आहे. तिथल्या राष्ट्रीय उद्यानात अर्थात जीपनेच जाऊ.

काळजी आहे ती रस्त्याची. हबरणा ते पोलोन्नरुवा रस्ता जंगलातून जातो आणि संध्याकाळी हत्ती थेट डांबरावर येतात. गाडीत निदान पत्रा तरी असतो, सायकलवर तोही नाही. सकाळी किती वाजता निघालेलं बरं? पुढे हत्ती दिसला तर एखाद्या बसची वाट बघत थांबावं, की सरळ मागे फिरावं? हा टप्पा सायकली टेम्पोत टाकून कुणी पार केलाय का, भाडं साधारण किती पडलं?

शेवटी सिंहराजा नावाच्या जंगलात निळा मॅगपाय हा पक्षी शोधायचाय. तिथल्या जळवांना आपलं सह्याद्रीतलं मीठ-तंबाखू पुरतं, की खास मोजे घ्यावेत? जाऊन आलेल्यांनी जरूर सांगा.