परदेशातील खटल्यात शिक्षा झालेले माजी सैनिक: अपील आणि कागदपत्रांबाबत मदत हवी आहे

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार पदावरून निवृत्त झाले आणि नंतर एका आखाती देशातील तेलसाठ्याच्या आवारात सुरक्षा पर्यवेक्षक म्हणून नोकरीला लागले. गाव मंगळवेढा तालुक्यातले. बहीण आणि मुले सध्या जुळे सोलापुरात राहतात. दाजींना आणि त्यांच्याबरोबरच्या तीन भारतीय माजी सैनिकांना तिथे अटक झाली. प्रतिबंधित जागेची छायाचित्रे आणि माहिती पैसे घेऊन बाहेर पुरवल्याच्या आरोपावरून पहिल्या न्यायालयाने चौघांनाही सात वर्षांची शिक्षा सुनावली आहे. वकिलांच्या सूचनेवरून देशाचे आणि कंपनीचे नाव लिहीत नाही. प्रतिसादांतही कोणी अंदाज बांधू नयेत, ही विनंती.

ज्यांना पुरावा म्हटले आहे ती छायाचित्रे रात्रपाळीची आहेत. फाटक बंद आहे, कुलूप लावलेले आहे, पहारेकरी जागेवर आहे, हे दाखवण्यासाठी प्रत्येक फेरीनंतर कंपनीच्या व्हॉट्सअॅप गटावर फोटो टाकावे लागत, आणि तो गट तिथल्या व्यवस्थापकानेच तयार केलेला होता. पैसे म्हणून जी रक्कम दाखवली जाते, तो थकलेला पगार एकदम जमा झालेला आहे. जबाब अरबीत लिहिला गेला, सही घेताना दुभाषा नव्हता, सुनावणी बंद दाराआड झाली आणि व्यवस्थापकाला साक्षीला बोलावलेच नाही. मी नातेवाईक असल्याने माझे म्हणणे एका बाजूचे आहे हे धरूनच वाचावे; परंतु ज्या गटावर फोटो टाकले त्या गटाची साधी तपासणीही न करता शिक्षा होते, हे कोणत्याही बाजूने पाहिले तरी पटत नाही.

परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ या तक्रार पोर्टलवर तक्रार नोंदवलेली आहे आणि दूतावासाचे अधिकारी एकदा तुरुंगात भेटून आले आहेत. घरात मात्र दोन मते पडली आहेत. गावातील मंडळींचे म्हणणे असे की मोर्चा काढावा, पत्रकार बोलवावेत आणि दिल्लीतून एक फोन गेला की माणसे सुटतील. कुलभूषण जाधव प्रकरणाचा दाखला सगळे देतात, पण तो पूर्ण कोणी वाचत नाही. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १७ जुलै २०१९ रोजी पाकिस्तानने व्हिएन्ना कराराच्या ३६व्या कलमाचा (अटकेतील परदेशी नागरिकाला आपल्या दूतावासाशी संपर्क साधू देण्याच्या नियमाचा) भंग केल्याचे १५ विरुद्ध १ मतांनी सांगितले, फाशीला स्थगिती कायम ठेवली आणि शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करण्यास सांगितले. सुटकेचा आदेश दिला नाही. कतारमध्ये नौदलाच्या आठ माजी कर्मचाऱ्यांना २६ ऑक्टोबर २०२३ रोजी फाशी सुनावली गेली, अपील न्यायालयाने २८ डिसेंबरला ती रद्द करून कमी शिक्षा दिली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांची सुटका झाली. त्यांच्यावरील आरोप अधिकृतपणे जाहीर झालेच नाहीत. सरकारी पातळीवरील प्रयत्न निश्चितच मोठे होते, तरीही अपील वेळेत दाखल झालेले होते, ही गोष्ट मला मोर्चापेक्षा महत्त्वाची वाटते.

उलट बाजूचे उदाहरणही आपल्याच देशात आहे. ऑक्टोबर २०१३ मध्ये तुतीकोरिनजवळ ‘सीमन गार्ड ओहायो’ हे चाचेगिरीविरोधी पहाऱ्याचे जहाज शस्त्रांसह पकडले गेले आणि त्यावरील सहा ब्रिटिश माजी सैनिकांना इतरांबरोबर जानेवारी २०१६ मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली. त्यांच्या घरच्यांनी तिकडे मोठी मोहीम चालवली; निर्दोष ठरवले ते नोव्हेंबर २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने.

आता नेमके प्रश्न मांडतो. निकालाची प्रत अजून मिळालेली नाही आणि अपिलाची मुदत फार थोडी आहे. दूतावास ती प्रत मिळवून देऊ शकतो का? दाजींचे सेवामुक्ती पुस्तक आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला अपिलासोबत जोडावा का? एकाचे म्हणणे असे की लष्करी ओळख जितकी पुढे येईल तितका हेरगिरीचा संशय बळावेल. तिसरी गोष्ट अशी की शिक्षा भोगण्यासाठी भारतात हस्तांतर मागावे, असे काहींनी सुचवले, पण बहीण म्हणते की गुन्हेगार म्हणून आणायचे नाही. आणि नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला दिला गेला नाही तर पेन्शन थांबेल, तेव्हा काय करावे?

प्रतिसाद

मी वकील असून आखातातील कैद्यांच्या कागदपत्रांचे काम केले आहे. हस्तांतराचा वाद घरात सध्या घालूच नका. २००३ च्या कैदी प्रत्यावर्तन कायद्यानुसार त्यासाठी शिक्षा अंतिम झालेली असावी लागते, दोन देशांत तसा करार असावा लागतो आणि स्वतः कैद्याची संमती लागते. अपील प्रलंबित असेपर्यंत तो मार्ग खुलाच होत नाही, त्यामुळे आज त्यातून काहीही निवडायचे नाही. निवडायचा आहे तो वकील. वकालतनामा दाजींच्याच सहीने व्हावा लागेल. ती सही तुरुंगातील पुढच्या भेटीत अधिकाऱ्यासमोर करून घेण्याची लेखी विनंती आजच दूतावासाला पाठवा. निकालाची प्रत मिळवणे हे वकिलाचे काम, दूतावास फक्त पाठपुरावा करतो. फी झेपणारी नसेल तर भारतीय समुदाय कल्याण निधीतून कायदेशीर मदतीसाठी दूतावासाकडेच अर्ज करता येतो.

सेवामुक्तीची कागदपत्रे अवश्य जोडा. जाधव निवृत्त आहेत की सेवेत, यावरही त्या प्रकरणात वाद घातला गेला होता. ओळख लपवली तर सरकारी वकील ती आपल्या सोयीने मांडतील. मात्र राज्य शासनाचे आणि नंतर परराष्ट्र मंत्रालयाचे साक्षांकन करून घ्या; पुढे अपॉस्टिल (हेग कराराच्या सदस्य देशांत चालणारे कागदपत्रांचे प्रमाणीकरण) चालेल की त्या देशाच्या दूतावासाचा शिक्का लागेल, हे तो देश हेग करारात आहे का यावर ठरते. व्हॉट्सअॅप गटावरील इतर सदस्यांचे फोन हे तुमचे खरे पुरावे आहेत. त्यांपैकी जे मायदेशी परतले आहेत, त्यांची प्रतिज्ञापत्रे आधी मिळवा.

धागालेखक

आभारी आहे. गटातील दोघे परत आलेले आहेत, त्यांपैकी एक साताऱ्याचे असून प्रतिज्ञापत्र द्यायला तयार आहेत. पेन्शनच्या प्रश्नाचे उत्तर मात्र राहिले आहे. परदेशातील निवृत्तिवेतनधारकांचा हयातीचा दाखला दूतावासातील अधिकारी देऊ शकतात, हे मला ठाऊक आहे. तुरुंगातील भेटीत भरून घेतलेला असा दाखला ‘स्पर्श’ या लष्करी पेन्शनच्या ऑनलाइन प्रणालीत नोंदवताना कोणाला अडचण आली असल्यास कृपया कळवावे.